सर्जन घडला की नाही, हे विचारायचं कुणाला?

नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा निकाल लागून समुपदेशनाच्या, म्हणजे सीट वाटपाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की नाशिकमधल्या तरुण सर्जनांचे फोन वाजू लागतात. पलीकडे नुकताच एमबीबीएस झालेला कुणी मुलगा किंवा मुलगी असते. ओळख असतेच असं नाही, मित्राच्या मित्राकडून नंबर मिळालेला असतो. "सर, तुम्ही तिथलेच पासआउट ना? कटिंग कसं आहे?" म्हणजे चाकू विद्यार्थ्याच्या हातात कितपत येतो. मग पुढचे प्रश्न येतात. रात्रीची इमर्जन्सी कोण करतं? दुर्बिणीतून होणाऱ्या सगळ्या केसेस सरच करतात का? पहिल्या वर्षी झोप मिळते का? थिसिसच्या सहीसाठी अडवतात का? सांगणाराही मोकळेपणानं सांगतो. "दुसऱ्या युनिटला मिळालं तर डोळे झाकून घे. पहिल्याला गेलास तर तीन वर्षं रिट्रॅक्टर धरून उभा राहशील." रिट्रॅक्टर म्हणजे जखम उघडी धरून ठेवायचं हत्यार.

असे फोन थिएटरच्या चेंजिंग रूममध्ये माझ्या कानावर कितीतरी वेळा पडले आहेत. दहा मिनिटांत तो सर्जन आपल्या कॉलेजबद्दल जे सांगतो, ते कुठल्याही तपासणी अहवालात सापडत नाही. आणि ते कुठंच नोंदलं जात नाही. ज्याची ओळखपाळख आहे त्याला कळतं. पेठ-सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातल्या, घरात पहिल्यांदाच डॉक्टर झालेल्या मुलीला कळत नाही. ती गेल्या वर्षीचा कटऑफ बघून सीट घेते आणि काय पदरात पडलं ते तिला आत गेल्यावर समजतं. विद्यापीठाला कळत नाही. ज्याच्या पोटावर पुढं तो हात चालणार आहे, त्या पेशंटला तर कधीच कळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर शिक्षणाचं मूल्यमापन करताना शिकून बाहेर पडलेल्या सर्जनांची साक्ष अधिकृतपणे घेतली पाहिजे, दर वर्षी घेतली पाहिजे आणि तिचं सार लोकांसमोर ठेवलं पाहिजे. हे काम नाशिकमधून सुरू व्हावं, कारण राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या ज्याच्या शिक्क्यानं मिळतात ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं ते आपल्याच गावात. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला ते उभं आहे.

मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे. एका हॉस्पिटलशी बांधलेली नाही. सकाळी पंचवटीत, दुपारी मुंबई नाक्याजवळ, रात्री बोलावणं आलं तर तालुक्याच्या गावाला, अशी माझी प्रॅक्टिस. त्यामुळं सर्जनला स्वतःच्या हातांखेरीज फारसे हात बघायला मिळत नाहीत, तसं माझं नाही. पडद्याच्या अलीकडून मी अनेकांचे हात बघत असते. पोट उघडल्यावर पाचव्या मिनिटाला कळतं की या माणसाला कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवलंय की यानं नुसतं बघितलंय.

एका रात्रीचं सांगते. तालुक्याच्या गावातलं छोटं हॉस्पिटल. द्राक्षबागेत मजुरीला आलेला चाळिशीतला माणूस, दोन दिवस पोटात दुखत होतं म्हणून गोळ्या खाऊन काढलेले. पोट कडक झालेलं, एक्स-रेत डायफ्रामखाली हवा. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडलंय, यात शंका नव्हती. सर्जन एमएस, म्हणजे सर्जरीची पदव्युत्तर पदवी, घेऊन जेमतेम वर्ष झालेला, नावाजलेल्या कॉलेजचा, परीक्षेत चांगले मार्क मिळवलेला. त्यानं पोट उघडलं, साचलेलं पित्त-पाणी सक्शननं ओढून घेतलं आणि नेहमीच्या जागी, लहान आतड्याच्या सुरुवातीला, छिद्र शोधू लागला. ते तिथं नव्हतं. त्याचे हात पुन्हा पुन्हा त्याच जागेवर फिरू लागले. इकडं माझ्या मॉनिटरवर प्रेशर उतरत होतं आणि मी नॉरअॅड्रेनलिनचा वेग वाढवत होते. न राहवून मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या सिनियरना फोन लावू या का?" त्यानं लगेच मान हलवली, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू. नर्सनं फोन स्पीकरवर धरला. पलीकडून झोपेतला पण शांत आवाज आला, "पुढून दिसत नसेल तर जठराच्या मागं जा. लेसर सॅक उघड." म्हणजे जठराच्या मागची पोकळी. छिद्र जठराच्या मागच्या भिंतीला होतं. ते शिवून, त्यावर ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, लावून झालं. पेशंट पुढं चालत घरी गेला.

मग त्या मुलानं पोट बंद केलं. इतकं सफाईदार क्लोजर मी क्वचित बघते. प्रत्येक टाका सारख्या अंतरावर, हात जराही अडत नव्हता. नंतर चहा घेताना तो म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं मी हेच केलं. आतलं सगळं सर करायचे. ग्लोव्हज काढता काढता म्हणायचे, बंद कर." त्याच्या लॉगबुकात त्या केसेस कुठल्या रकान्यात आहेत, असं मी विचारलं. बघितली, सहाय्य केलं, मदतीनं स्वतः केली, एकट्यानं केली असे चार रकाने असतात. बऱ्याचशा तिसऱ्या रकान्यात गेल्या होत्या. खाली गाईडची सही.

त्याला जठराच्या मागं जायचं असतं हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर त्यानं अचूक उत्तर दिलं असतं, आकृतीसकट. पण त्याचा हात तिथवर कधी गेलाच नव्हता. ही उणीव पकडणारी एकही चाळण आपल्या व्यवस्थेत नाही, हा माझ्या तक्रारीचा गाभा आहे.

परीक्षेत काय बघतात? चार लेखी पेपर. मग प्रात्यक्षिकाला एक लाँग केस, काही शॉर्ट केसेस, आणि टेबलवर हत्यारं, एक्स-रे, काढलेले अवयव ठेवून तोंडी प्रश्न. उमेदवार पोट उघडताना परीक्षक त्याला बघत नाहीत. कॉलेजच्या तपासणीत काय बघतात? खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती, प्राध्यापक किती, हजेरी आधारशी जोडलेल्या प्रणालीत लागते की नाही, ओपीडीचे आकडे. या गोष्टी लागतातच, मी त्यांना कमी लेखत नाही. पेशंटच नसतील तर शिकणार कुणावर? पण हजार खाटांच्या रुग्णालयातही एखाद्या युनिटमध्ये तीन वर्षं कोरडी जाऊ शकतात, आणि निम्म्या खाटांच्या ठिकाणी एखादा शिक्षक सहा सर्जन पक्के घडवून बाहेर काढतो. खाटा मोजून हा फरक दिसत नाही. त्यात २०२५ च्या मध्यावर सीबीआयनं वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासण्यांमधल्या लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदवला, त्यात तपासणीशी संबंधित डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांचीही नावं आली. खटल्याचं व्हायचं ते न्यायालयात होईल. पण एका दिवसाच्या भेटीवर सगळा भरवसा ठेवणारी पद्धत किती ठिसूळ आहे हे समजायला निकालापर्यंत थांबायची गरज नाही. एका दिवसासाठी वॉर्ड भरता येतो. पाच वर्षांत बाहेर पडलेल्या सगळ्या सर्जनांना एका दिवसासाठी कुणी घडवून आणू शकत नाही.

शिक्षण कुठं झालं याचा पेशंटवर खरंच परिणाम होतो का, की चांगला विद्यार्थी कुठंही शिकतो? आपल्याकडं याचं उत्तर सहसा मतानं दिलं जातं. अमेरिकेत ते मोजलं गेलं. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या राज्यांतली १९९२ ते २००७ या काळातली सुमारे ४९ लाख बाळंतपणं, ती करणारे ४,१२४ प्रसूतितज्ज्ञ आणि ते जिथं शिकले ते १०७ प्रशिक्षणक्रम त्यात तपासले. ज्या ठिकाणी शिकलेल्या डॉक्टरांकडं गुंतागुंत सर्वांत कमी, त्या वरच्या पाचव्या हिश्शातल्या डॉक्टरांच्या पेशंटमध्ये मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण १०.३ टक्के होतं आणि तळच्या पाचव्या हिश्शात १३.६ टक्के. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डॉक्टरांचे परवाना परीक्षेतले गुण हिशेबात धरले तरी चित्र फारसं बदललं नाही. परीक्षेतल्या हुशारीनं हा फरक भरून निघाला नाही. कुठं शिकलात, कुणी शिकवलं, हे प्रॅक्टिसमध्ये सोबत येत राहतं.

दुसरा दाखला २०१३ सालचा, 'अॅनल्स ऑफ सर्जरी'मधला. पाच वर्षांची जनरल सर्जरीची रेसिडेन्सी पुरी करून जे पुढच्या विशेष प्रशिक्षणाला जातात, त्यांना घेणाऱ्या प्रमुखांना विचारण्यात आलं की तुमच्याकडं येणारी मुलं कितपत तयार असतात. उत्तरांनी तिथं खळबळ उडाली. ३० टक्के जणांना दुर्बिणीतून पित्ताशय स्वतंत्रपणे काढता येत नव्हतं, आणि ६६ टक्के जण मोठ्या शस्त्रक्रियेत देखरेखीशिवाय अर्धा तासही काम करू शकत नाहीत, असं या प्रमुखांचं मत पडलं. लक्षात घ्या, हे त्या देशातलं आहे जिथं जनरल सर्जनला पाच वर्षांत किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रियांची नोंद दाखवावी लागते. आपली एमएस तीन वर्षांची. तिकडं हा प्रश्न विचारला गेला म्हणून तिकडची उणीव कळली आणि तिच्यावर जाहीर वाद झाले. आपल्याकडं विचारलाच नाही, म्हणून आपलं सगळं ठीक चाललंय अशी आपली समजूत आहे.

आपल्या जिल्ह्याला असं मागं जाऊन शोधणं अपरिचित नाही. निफाडच्या बागेतून युरोपला गेलेल्या द्राक्षाच्या पेटीत औषधाचा अंश जास्त निघाला, तर ती पेटी कुठल्या प्लॉटमधली हे 'ग्रेपनेट'च्या नोंदीवरून शोधता येतं. २०१० साली युरोपनं आपली द्राक्षं नाकारली तेव्हा त्या फटक्यातून बागायतदार बरंच शिकले. सर्जनबाबत मात्र असा मागचा धागाच ठेवलेला नाही. हॉस्पिटलच्या पाटीवर 'एमएस' असतं, ते कुठून आणि त्या ठिकाणी काय शिकवलं जातं, याचा माग लावणारं कुणी नाही.

तर विचारायचं काय आणि कधी? इथं नीट विचार केला नाही तर सगळं फुकट जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. आजही कॉलेजं अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात. विद्यार्थी आत असताना घेतात. थिसिसवर सही व्हायची असते, परीक्षेत अंतर्गत परीक्षक आपलेच सर असतात, अनुभव प्रमाणपत्र विभागप्रमुखांच्या टेबलवरून यायचं असतं. अशा वेळी सगळ्या रकान्यांत 'उत्तम' न लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. शिवाय आपल्याला काय शिकवलं नाही, हे आत असताना कळतही नाही. ते कळतं बाहेर पडल्यावर, रात्री, एकट्यानं निर्णय घ्यायची वेळ आली की. म्हणून पहिली साक्ष पास होऊन वर्ष-दीड वर्षानं घ्यावी. तोवर बाँडची, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी, सेवा होत आलेली असते, कुणी उपजिल्हा रुग्णालयात काम केलेलं असतं, कुणी खासगीत. दुसरी पाच वर्षांनी. तोवर कृतज्ञता आणि राग दोन्ही निवळलेले असतात आणि माणूस स्वतःच्या कामाकडं जरा लांबून बघू शकतो.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. 'तुम्ही प्रशिक्षणाबद्दल समाधानी आहात का, एक ते पाच गुण द्या' या प्रश्नाचा काही उपयोग नाही. 'तुम्हाला आत्मविश्वास वाटतो का' याचा तर त्याहून नाही. डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि त्यांची खरी कुवत यांचा मेळ बहुतेक वेळा बसत नाही आणि जे सर्वांत कच्चे तेच सर्वांत निःशंक असू शकतात, असं २००६ सालच्या एका प्रसिद्ध आढाव्यात दिसलं होतं. माझाही अनुभव तसाच आहे. घाबरत घाबरत, विचारत विचारत करणारा मला कधी धोक्याचा वाटला नाही. म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. छिद्र पडलेल्या आतड्याचं ऑपरेशन तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय आणि सर समोरच्या बाजूला असिस्टला उभे होते, असं तिसऱ्या वर्षात किती वेळा झालं? पास झाल्यावर असं कुठलं ऑपरेशन केलंत जे आयुष्यात पहिल्यांदाच करत होता, आणि तेव्हा शेजारी कुणी होतं का? पहिल्या वर्षात पुढं पाठवलेल्या पेशंटपैकी कुणाला तुम्ही ठेवून घ्यायला हवं होतं असं आज वाटतं? रात्री दोन वाजता अडलात तर फोन कुणाला लावता?

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ज्या विभागाची मुलं पाच वर्षांनीही आपल्या शिक्षकाला रात्री फोन करू शकतात, त्या विभागाबद्दल आणखी फार विचारावं लागत नाही.

आणि शिक्षणाचा नि गरजेचा मेळ बसतो का, हेही तेच सांगू शकतात. शहरातल्या कॉलेजात मुलगा तीन वर्षं दुर्बिणीचा कॅमेरा धरतो आणि पोस्टिंग मिळते अशा ग्रामीण रुग्णालयात जिथं दुर्बीण नाही. समोर येतो तो अडकलेला हर्निया, ट्रॅक्टरखाली सापडलेला पाय, छातीत नळी घालायची गरज असलेला महामार्गावरचा अपघात, मधुमेह्याचं सडत चाललेलं पाऊल. नातेवाइकांना पाय काढावा लागेल हे कसं सांगायचं, पोलीस केसचे कागद कसे लिहायचे, पेशंट टेबलवर गेला तर बाहेर जाऊन काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. सुरगाण्याहून नाशिकला यायला घाटरस्त्यानं दोन तासांच्या वर लागतात. तिथला सर्जन धास्तावून जो पेशंट १०८ मध्ये घालून पाठवतो, त्याचं आतडं त्या दोन तासांत काळं पडू शकतं. त्या पाठवण्याची किंमत पेशंट मोजतो, कारण मात्र तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या थिएटरमध्ये असतं.

रेसिडेंट डॉक्टरांच्या हालांचा प्रश्नही याच साक्षीत यावा, पण त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय म्हणून थोडक्यात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं २०२४ साली दिलेल्या अहवालात, पाहणीत भाग घेतलेल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्के जणांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं स्वतः सांगितलं होतं. आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, अशी शिफारस त्याच अहवालात आहे. मला यात एवढंच जोडायचंय की नुसते तास मोजून पुरणार नाही, त्या तासांत काय केलं तेही विचारा. रक्ताचे नमुने लॅबला नेणं, सरकारी योजनेच्या मंजुरीसाठी फोटो काढून अपलोड करणं, सोनोग्राफीच्या तारखेसाठी खेटे घालणं, यात जर सर्जरीच्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष जात असेल तर तो थकतोही आणि शिकतही नाही.

यावर आक्षेप येणार, आणि त्यातले काही वजनदार आहेत.

सर्वांत आधी येईल तो गुरूचा. ज्यांनी हातात चाकू दिला त्यांच्याबद्दल असं लिहायचं? आपल्याकडं ही भावना खरी आहे आणि मी तिचा आदर करते. पण ही पद्धत चांगल्या शिक्षकांच्या विरोधात जाते हे मला मान्य नाही. आज सर्वांत अन्याय होतो तो त्यांच्यावरच. माझ्या शिक्षणाच्या काळात एक व्याख्याते होते. विद्यार्थी ऑपरेशन करत असताना ते समोर उभे राहायचे, हात स्वतःच्या छातीशी जोडलेले, आणि विद्यार्थी चुकीच्या दिशेनं निघाला की फक्त म्हणायचे, "थांब. आधी काय दिसतंय ते सांग." केस तासभर लांबायची. यादी मागं पडायची. आम्ही भूलवाले कुरकुर करायचो, नर्सेस कुरकुर करायच्या. त्यांनी घडवलेले सर्जन आज उत्तर महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांचे हात मला लगेच ओळखू येतात. त्या माणसाच्या बढतीच्या फाईलमध्ये या गोष्टीला एक ओळ मिळाली नाही. तिथं शोधनिबंध मोजले जातात. 'एका रेसिडेंटला शिकवण्यासाठी दिलेला तास' मोजायला आपल्याकडं रकानाच नाही. शिकून गेलेल्या मुलांना विचारलं तर तो रकाना आपोआप तयार होईल.

दुसरा आक्षेप सुडाचा. नापास झालेला, ओरडा खाल्लेला विद्यार्थी बदला घेईल. घेईलही एखादा. पण एका वर्षाच्या एका उत्तरावर निकाल काढायचाच नाही. तीन किंवा पाच वर्षांची उत्तरं एकत्र करायची. एकच तक्रार वेगवेगळ्या बॅचच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मुलांकडून आली तर ती सुडाची उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, तो ओळख फुटण्याचा. एका विभागात वर्षाला चार-पाच सीट. त्यातल्या एकीनं लिहिलं की अमुक युनिटमध्ये मुलींना इमर्जन्सी देत नाहीत, तर कुणी लिहिलं हे सांगायला ज्योतिषी नको. सर्जरीचं जग लहान आहे. परिषदांमध्ये तेच लोक भेटतात, नोकरी देणारे तेच. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल ही डॉक्टरांची नियामक संस्था सगळ्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांची दर वर्षी पाहणी करते आणि ठिकाणवार निकाल सर्वांना बघता येतात. तिथं तीनपेक्षा कमी उत्तरं आलेल्या जागेचा निकाल दाखवत नाहीत, अनेक वर्षांची उत्तरं जोडून दाखवतात. आपण तो आकडा पाच ठेवावा असं मी म्हणेन, कारण आपल्याकडं वचक जास्त आहे. मोकळ्या मजकुरातली वाक्यं जशीच्या तशी कॉलेजला कधीही देऊ नयेत. आणि पाहणी कॉलेजनं करूच नये, फॉर्म कॉलेजच्या हातातून जाताच कामा नये.

मग ती कुणी करावी? विद्यापीठाकडं प्रत्येक पदवीधराची नोंद आहे, पण अभिमत विद्यापीठांचे आणि डीएनबीचे (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी घेतलेले) सर्जन त्याच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडं मात्र सगळे येतात. पदव्युत्तर पदवीची नोंद तिथं करावीच लागते, आणि नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. त्यासाठी ३० क्रेडिट गुण गोळा करण्यात आम्ही डॉक्टर पंचतारांकित हॉटेलांतल्या व्याख्यानांना शनिवार-रविवार घालवतो. त्याच खिडकीत वीस मिनिटांचा हा एक फॉर्म सक्तीचा केला तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. प्रश्न विद्यापीठानं तयार करावेत, उत्तरं परिषदेनं गोळा करावीत, आणि नावं काढून टाकलेला तक्ता विद्यापीठाकडं यावा. विश्लेषण करणारे लोक म्हसरूळला आहेत.

फक्त सर्जनचं स्वतःचं म्हणणं पुरेसं नाही, हेही मी मान्य करते. त्याला जोड हवी. जिल्हा निवासी कार्यक्रमात आता प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तिसऱ्या ते पाचव्या सत्रातले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. तिथले सरकारी सर्जन वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं एकाच टेबलवर, एकाच प्रकारच्या पेशंटवर बघतात. असा निरपेक्ष साक्षीदार शोधूनही मिळणार नाही. आज त्यांच्याकडून हजेरीचं प्रमाणपत्र घेतलं जातं. त्यांना नीट चार प्रश्न विचारा. थिएटरच्या जुन्या सिस्टरांना विचारा, त्या सांगतील कुणाच्या हातात हत्यार देताना त्या निश्चिंत असतात. आणि आम्हाला, भूल देणाऱ्यांना, विचारा.

निष्कर्षाचं काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे. पहिल्या वर्षी तो फक्त विभागप्रमुखांना द्यावा आणि उत्तर देण्यासाठी सहा महिने द्यावेत. अनेक विभाग तेवढ्यावरही सुधारतील, कारण आपली मुलं बाहेर जाऊन कशात अडतात हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. त्यानंतर मात्र तो समुपदेशनाच्या आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागला पाहिजे, विभागाच्या उत्तरासह. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानं कॉलेजांचं मूल्यांकन आणि मानांकन करायला स्वतंत्र मंडळ नेमलं आहे, त्याच्याकडंही तो जावा. सलग तीन वर्षं एखाद्या विभागातून 'इमर्जन्सी आमच्या हातात कधी आलीच नाही' असंच उत्तर येत असेल, तर तिथल्या सीट वाढवण्याचा प्रस्ताव तिथंच थांबला पाहिजे.

कारण सरकारी खाटेवरचा पेशंट विद्यार्थ्याला स्वतःच्या शरीरावर शिकू देतो. बहुतेकदा त्याला कुणी तसं विचारलेलंही नसतं. त्याच्या पोटावर टाके घालायला शिकलेला हात पुढं त्याच्याच तालुक्यात, त्याच्या भावाच्या पोटात छिद्र शोधायला उतरतो, आणि ते छिद्र त्या हाताला सापडलं की नाही हे विचारायला वर्षाकाठी लागतो तो एक फॉर्म आणि विद्वत परिषदेचा एक ठराव. सर्जरीपासून सुरुवात करावी, गेल्या तीन बॅचेसपासून, आणि पुढच्या समुपदेशनाच्या आत पहिला मसुदा चर्चेला ठेवावा.